होकारांची गल्ली

सप्टेंबरातल्या एका भुरभुर पावसाच्या संध्याकाळी अनुयाने कॅनडातल्या मार्कहॅममधल्या एका घराची बेल वाजवली. तिची आई नीलिमा वॉर्ड कौन्सिलरच्या निवडणुकीला उभी होती, आणि दारोदार फिरायचं काम लेकीकडे होतं. दार उघडणारा तरुण तिच्या भिजलेल्या केसांकडे बघतच राहिला.

“मी पीआरवर आहे, नुसता परमनंट रेसिडेंट,” तो म्हणाला. “सिटिझनशिप नाही, म्हणजे व्होट नाही. सॉरी हं.”

“मग तुमचा वेळ कशाला घालवू...”

“घालवा ना. व्होट नाही, पण संध्याकाळ रिकामी आहे.”

हा गंधार, नागपूरचा, सॉफ्टवेअरवाला. दुसऱ्या दिवसापासून लोकांच्या लॉनवर आईच्या नावाच्या पाट्या रोवायला तोच पुढे. अनुया दारं वाजवायची, तो छत्री धरायचा — अर्धी तिच्यावर, आणि उरलेली अर्धीही तिच्यावरच. बोलणं पाट्यांचं, बघणं भलतंच. दोघांनाही कळत होतं, आणि दोघंही कळू देत नव्हती.

मराठी घरांत तर कौतुकच व्हायचं. “अगं, आपलीच माणसं! नक्की देऊ मत, लाव पाटी.” अनुयाने आईला सांगून टाकलं, “आपल्या लोकांकडे आठवण करायला परत जायची गरज नाही गं.” दारात आलेल्या मुलीला तोंडावर नाही म्हणायचं नाही, ही आपली रीतच अनुया बिचारी विसरली. ऑक्टोबरात मतदानाच्या सोमवारी आपली माणसं ऑफिसातून थेट घरी गेली. आई थोडक्या मतांनी पडली.

मंगळवारी दोघं पाट्या काढायला निघाली. आई रागावली नव्हती; नुसतं “स्वेटर घाल” म्हणाली होती, आणि त्यानेच अनुयाला रडू फुटलं होतं.

“माझ्यामुळे झालं,” ती म्हणाली. “लोकांच्या ‘हो’वर विसंबले.”

“चुकलंच,” गंधारने ओल्या मातीतून पाटी उपसली. “पण प्रत्येक दारात मीही होतो.” मग जरा थांबून, “पार तिकडे पश्चिमेला, एडमंटनहून जॉबची ऑफर आलीय... तू थांब म्हणालीस तर रिफ्यूज करतो.”

‘थांब’ तिच्या ओठांवर आलंच होतं. पण ते सगळे गोड होकार आठवले, आणि तसलाच एक शब्द त्याला देणं तिच्या जिवावर आलं.

“नाही म्हणणार थांब,” ती म्हणाली. “तुला तो जॉब हवाय, दिसतंय मला. जा तू.”

त्याचा चेहरा उतरला. “एवढंच?”

“नाही... प्रेम आहे माझं तुझ्यावर. तुला बरं वाटावं म्हणून नाही म्हणत.” तिने खिशातून फोन काढला. “आईला जरा सावरू दे. ख्रिसमसच्या सुट्टीत मी येते. फ्लाइट आजच बुक करते, तुझ्यासमोर.”

“मायनस थर्टी असतं गं तिकडे...”

“असू दे.”

त्याचे डोळे भरून आले. चिखलाने माखलेला हातमोजा काढून त्याने तिचा हात धरला. भर रस्त्यात, आपल्या लोकांच्या खिडक्यांसमोर — आणि तिने तो सोडवून घेतला नाही.