कोमट डबी

पटत नसेल तर सोडून द्या. पण ही ताई आजही त्याच खिडकीशी बसते, आणि तिला कुणी कधी खोटं बोलताना पकडलेलं नाही.

टीबीच्या दवाखान्यात बेडका तपासायचं तिचं काम. डबी हातात देताना वीस वर्षं एकच वाक्य : "खोलवर खोका, थुंकी नको, छातीतलं हवं."

एका दुपारी ते राहिलं. तिची बस सुटत होती.

शिंपीकाका खिडकीशी उभे होते. "ताई, छाती उसवलीय. दोन टाके घालून द्या की!"

ती हसली. डबीत नुसती पातळ थुंकी होती... परत द्यायला हवी होती. तिने घेतली. भिंगाखाली काही दिसलं नाही. लिहिलं : जंतू नाहीत.

चार महिन्यांनी काका गेले. रिपोर्ट चांगला होता, म्हणून घरच्यांना तपासायला कुणी बोलावलंच नाही.

ताई रडली नाही. जेवली, झोपली, कामावर आली. रजिस्टरचं ते पान मात्र पुन्हा उघडलं नाही.

मग एका सोमवारी, सकाळी आठला, बंद खिडकीबाहेर कुणीतरी खोकलं...

खोल. अगदी तळातून.

तिने खिडकी उघडली.

बाकं रिकामी.

फळीवर एक डबी...

कोमट.

झाकणावर काकांचा जुना नंबर. अक्षर तिचंच.

तिने काचपट्टी रंगवली, भिंगाखाली धरली. निळ्यावर लाल काड्याच काड्या, टीबीचे जंतू.

ती तडक काकांच्या घरी गेली. सून दारातच म्हणाली, "मामंजी जाऊन महिना झाला. आता कशाला आलात?"

"घरात कुणाला खोकला?"

सुनेने मागे वळून आत पाहिलं.

आत शिलाई मशीनजवळ नऊ वर्षांची नात बसली होती. फ्रॉक खांद्यावरून ओघळत होता. काकांनीच मापाने शिवलेला.

ताईने नवी डबी पुढे केली. "बाळा, खोल..."

"माहितीये. खोलवर खोका, थुंकी नको, छातीतलं हवं." पोर म्हणाली, "आजोबा रोज सकाळी सांगतात."

काकांना ते वाक्य ताईने कधी सांगितलंच नव्हतं.

नातीला टीबीच निघाला. सहा महिने गोळ्या घेतल्या, बरी झाली. फ्रॉक आता दंडात रुततो.

डबी पुन्हा आली नाही.

परवापर्यंत.

परवा सकाळी फळीवर... कोमट. नंबर वेगळा.

ताईने अखेर रजिस्टरचं ते पान उघडलं. तो नंबर तिथेच होता. त्या दुपारी, बस गाठायच्या घाईत, ते वाक्य न सांगताच तिने अकरा डब्या घेतल्या होत्या.

बाहेर पुन्हा कुणीतरी खोकलं...