उशिरा येणाऱ्याचं ताट

भुकेनं मेलेल्या माणसाच्या घरात जेवण झाकून ठेवलेलं सापडलं, ही त्या आठवड्यातली तिसरी खेप होती.

मिरजेत स्टेशनजवळच्या एका दुमजली इमारतीत ‘उरला एक’ या खेळाची चाचणी चालली होती. मोठ्या पडद्यावर आटलेल्या तळ्याकाठचं एक घर दिसत होतं. दारात म्हातारा निपचित पडला होता, आणि चुलीशेजारच्या फळीवर पिठलं-भाकरी, वर पितळी ताटली उपडी घातलेली. तोच म्हातारा इकडे खोलीतल्या आरामखुर्चीत डोक्याला टोप लावून स्वस्थ बसला होता. नाव प्रभुदास लोंढे, एसटीतले निवृत्त वाहतूक नियंत्रक. खेळाची गोष्ट लिहिणारी एस्तेर ही त्यांची मुलगी.

“हाताशी भाकरी असताना गेला बघ,” चाचणीप्रमुख तौफिक मुजावर म्हणाला. “दुष्काळात उपास! आता याला काय म्हणायचं?”

जग बुडाल्यावर एकट्याच उरलेल्या माणसाची गोष्ट लोकांना फार आवडते. तशी पुस्तकं झाली, सिनेमे झाले, खेळ तर पैशाला पासरी. त्यातला उरलेला गडी बहुधा दणकट असतो, त्याच्या हातात कुऱ्हाड असते आणि शेजाऱ्यावर त्याचा काडीचा विश्वास नसतो. अडचण एवढीच, की खेळणाऱ्याला मनातून ठाऊक असतं, आपण तिथे मेलो तरी घरी गरम पोहे आहेत. मग भीती कुठून यावी? त्यावर तोडगा म्हणून विसरटोप निघाला.

माणसाच्या सगळ्या आठवणी मेंदूत एकाच जागी नसतात. आपण कोण, कुठले, आपलं माणूस कोणतं, ही आत्मस्मृती. भाकरी कशी थापायची, बटण कसं लावायचं, हे हातवळण वेगळं. टोपातून निघणारे हलके चुंबकी ठोके खेळापुरती आत्मस्मृती झोपवत आणि हातवळणाला धक्का लावत नसत. खेळणाऱ्याला वाटायचं, आपलं आयुष्य म्हणजे एवढंच तळं आणि एवढंच घर. टोप काढला की आठवणी परतायला काही मिनिटं लागत. तोवर कुणीतरी समोर बसून विचारायचं, नाव काय, गाव कोणतं, समोर कोण बसलंय. तिन्ही उत्तरं आली की माणूस परत आला.

तौफिकनं टोप उतरवला. प्रभुदासांनी डोळे उघडले.

“काका, नाव?”

“प्रभुदास.”

“गाव?”

“मिरज की.”

“आणि ही कोण?”

ते एस्तेरकडे बघत राहिले. पहिल्या दिवशी हे उत्तर लगेच आलं होतं. आज खालच्या टपरीवरून मागवलेला चहा निवला तरी ते बघतच होते. शेवटी म्हणाले, “एस्तेर. आमची एस्तेर.” तिनं रोखून धरलेला श्वास सोडला.

त्यानंतर न विचारता आणखी एक आठवण परतायची. त्यांचा चेहरा उतरायचा, आणि एस्तेरला कळायचं, मम्मी गेल्याचं पप्पांना आत्ता पुन्हा कळलं. मम्मी, म्हणजे रूथ सिस्टर, मिशनच्या दवाखान्यात परिचारिका होत्या. त्यांची पाळी कधी वेळेवर सुटली नाही. डेपोतून आधी घरी पोचणारे प्रभुदास स्वयंपाक करायचे, लेकीला वाढायचे आणि बायकोचं ताट झाकून ठेवायचे. तीस वर्षांत त्यात खंड पडला नव्हता. गेल्या नाताळाआधी रूथ गेल्या आणि ताट झाकायचं कारण संपलं. एस्तेर तर ऑफिसातच काहीबाही खाऊन घरी यायची.

“पप्पा, आता पुरे,” ती म्हणाली. “तुम्हाला परतायला वेळ लागायला लागलाय. एखाद्या दिवशी उत्तर आलंच नाही म्हणजे?”

“मला तिथं बरं वाटतं गं.”

“उपाशी मरायला?”

“तिथं ती गेलेली नसते.” ते टोपावरून हात फिरवत होते. “कोण यायचंय ते आठवत नाही, पण यायचंय कोणीतरी, एवढं पक्कं असतं. डेपोत उशिराची गाडी फळ्यावर लिहून ठेवायची असते. रद्द झाली तरच पुसायची. इथं मी पुसून बसलोय. तिथं अजून लिहिलेली आहे.”

तौफिक उठून उगाचच तारा गुंडाळायला लागला.

“चर्चचे पाळक म्हणतात, वर भेट होणार,” प्रभुदास पुढे म्हणाले. “मला पटतं ते. पण तोवर रोज संध्याकाळी काय करायचं? एस्तेर, गोष्ट तूच लिहितीस ना? मग तिला येऊ दे की तिथं. एकदा येऊन जेवून जाऊ दे.”

ते जमण्यासारखं होतं. रूथचा आवाज घरच्या चित्रफितींत होता, चालणं-बोलणं उभं करणं तौफिकला अवघड नव्हतं. म्हणूनच एस्तेरला धडकी भरली.

“ती तिथं आली तर तुम्ही परत कशाला याल?”

प्रभुदासांनी टोप मांडीवर ओढून घेतला. एस्तेरला राग आला, आणि रागापेक्षा जास्त वाईट वाटलं. “आणि मी? मी इथं आहे ते?”

“तू आहेस की,” ते ओशाळून म्हणाले. “पण तू जेवून येतीस.”

ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. परत आली ती दुसरा टोप हातात घेऊन. खेळात दोघांची सोय होती, अजून कुणी वापरली नव्हती.

“एकदाच, पप्पा. शेवटचं. मीपण येते.”

“अगं, आत गेल्यावर तुला तरी काय माहीत असणार?” तौफिक म्हणाला. “त्यांना तू कोण आणि तुला ते कोण! नसती आफत.”

“नसू दे माहीत. मी त्यांच्या उपयोगाची आहे का, एवढं तरी कळेल.”

पडद्यावर ऊन कलत होतं. तळ्याच्या भेगाळलेल्या मातीतून एक बाई चालत आली. ओठ फुटलेले, पाय धुळीनं माखलेले. म्हातारा दारात उभा राहिला. ओळखीचं काही दोघांच्याही चेहऱ्यावर नव्हतं.

“पाणी आहे?” तिनं विचारलं.

त्यानं तांब्या दिला. ती प्यायली, आणि घर स्वतःचं असल्यासारखी सरळ आत शिरून फळीपाशी गेली. ताटली उचलली, वरच्या भाकरीचा पापुद्रा अलगद सोलला आणि तोंडात टाकला.

तौफिक खुर्चीत पुढे सरकला. अशा खेळात उपाशी माणूस अन्नावर झडप घालतो. नुसता पापुद्रा कुणी काढत नाही.

“ए, ठेव ते!” म्हातारा ओरडला. “दुसऱ्याचं आहे.”

“कुणाचं?”

“आठवत नाही. यायचंय कुणीतरी.”

“मग थोडंच घेतलंय.” तिनं ताटली पुन्हा उपडी घातली.

म्हाताऱ्याचा हात तिला बाजूला सारायला उचलला गेला होता, तो तसाच राहिला. तो ताटलीकडे बघत होता. मग एकदम हसला. या खेळात तो आजवर हसला नव्हता. “घरात उंदीर झालाय,” तो म्हणाला.

का म्हणाला, ते त्यालाही सांगता आलं नसतं. पण बाई हसली. त्यानं ताट खाली घेतलं आणि भाकरीचे दोन तुकडे केले. “बस. येईल त्याला सकाळी नवी थापू.” दोघं जेवले. खेळातली भूक एका रात्रीत जीव घ्यायची; त्या घरात पहिल्यांदाच दुसऱ्या दिवशीचं ऊन उगवलं.

तौफिकनं आधी एस्तेरचा टोप काढला. ती थोडाच वेळ आत होती आणि टोप तिला नवा होता; तिची उत्तरं भराभर आली. पडद्यावर काय झालं ते त्यानं दाखवलं तेव्हा तिनं तोंडावर हात ठेवला. लहानपणी मम्मीच्या ताटातला पापुद्रा ती रोज चोरायची. आणि रोज स्वयंपाकघरातून पप्पांचा आवाज यायचा, घरात उंदीर झालाय.

मग प्रभुदासांचा टोप निघाला.

“काका, नाव?”

“प्रभुदास.”

“गाव?”

“मिरज.”

“आणि ही कोण?”

पुन्हा तेच बघत राहणं. एस्तेर हात घट्ट आवळून बसली होती. चहा आला, निवला. प्रभुदासांनी खुर्चीखालचा आपला डबा काढला, झाकण उघडलं. वरच्या भाकरीचा पापुद्रा नीट, न फाटू देता सोलला आणि तिच्यापुढे धरला. आयुष्यात त्यांनी तो तिला कधी स्वतःहून दिला नव्हता.

“घे,” ते म्हणाले. “उपाशी आली आहेस.”

तिनं घेतला. तिला रडू फुटत होतं आणि भूकही लागली होती.

तौफिक नोंदीच्या यंत्रापाशी बसून राहिला. तळ्याकाठचं घर काकांच्या डोक्यात अजून ताजं होतं. ही त्या घरातली बाई, की या घरातली लेक? यंत्राला फक्त हो किंवा नाही एवढंच कळत होतं.

“एस्तेर,” त्यानं हळू आवाजात विचारलं, “ओळखलं म्हणून लिहू का?”