दगड राहू दे

काबासो मुबांगाला लांबच्या रस्त्याचं वेड होतं. वर्षभर तो लुसाकातल्या एका दैनिकात ठेकेदारांना, पुलांना आणि खड्ड्यांना झोडपायचा. चौतीस वर्षं बातमीदारी करून त्याची जीभ करवतीसारखी झाली होती. पण सप्टेंबरात रजा टाकून, एकुलती लेक म्विला हिला शेजारी बसवून उत्तरेला म्बालाला आईकडे निघाला, की हाच माणूस शीळ घालायला लागायचा. हजारावर किलोमीटरांचा रस्ता. बायको सरकारी दवाखान्यात परिचारिका, तिला रजा मिळायची नाही; म्हणून हा प्रवास बापलेकीचाच.

या वर्षी आईचं शिवणयंत्र दुरुस्त करून न्यायचं होतं. ते मागच्या सीटवर पट्ट्याने बांधून पहाटे पाचला दोघं निघाली. थर्मासमध्ये चहा, डब्यात उकडलेली रताळी, पुडीत भाजलेले शेंगदाणे. काब्वेच्या अलीकडेच उजाडलं. कापिरीला एका बाईकडून गरम गुलगुले घेतले, बोटांचं तेल एकमेकांच्या बाहीला पुसलं. रानाला नवी पालवी फुटली होती. त्या दिवसांत ती हिरवी नसते, तांब्यासारखी लाल असते. मैलच्या मैल लाल रान, मधून सरळ गेलेली काळी सडक, आणि पुढे काय येणार याची कसलीही घाई नाही. काबासोला वाटायचं, माणसाने खोटं बोलू नये अशी एकच जागा आहे, आणि ती म्हणजे चालती गाडी. असं तो दर वर्षी लिहायचाही.

सेरेंजेला पेट्रोल भरताना म्विलाने हात पुढे केला.

"चावी द्या, ताता."

"म्पिकापर्यंत थांब, मायो." बापाला ताता आणि लाडक्या लेकीला मायो, म्हणजे आई, म्हणायची त्यांच्यात रीतच होती.

"म्पिका आलं की कासामापर्यंत थांब म्हणाल. लायसन काय लग्नात मिरवायला काढलंय मी?"

"पुढे चढ आहेत. ट्रक असतात."

"आणि तुम्ही गाडी चालवत नाही, अग्रलेख लिहिता! मघाशी त्या ट्रकवाल्याला शिव्या देताना दोन्ही हात सोडले होते. द्या."

पेट्रोल भरणारा दात काढून हसला. "द्या हो काका. मला तर माझी सासू मोटारसायकलवरून नेते."

काबासोने चावी दिली. न देण्याचं कारण त्याला सांगता येण्यासारखं नव्हतं. सेरेंजे ते म्पिका हा पट्टा अकरा वर्षं तो स्वतःच चालवत आला होता; काचा वर, रेडिओ मोठा, नजर सरळ. आणि अकरा वर्षांत पावसाळ्यात तो या रस्त्याला एकदाही आला नव्हता.

म्विला गाडी चांगली चालवत होती. एकोणीस वर्षांच्या पोरीच्या मानाने फारच चांगली. दुपारचा एक वाजून गेला होता. सडकेवर ऊन थरथरत होतं, रानात पाखराचाही आवाज नव्हता.

तेव्हा पहिली फांदी दिसली.

आडवी टाकलेली, पानांसकट. त्या देशात शेंबडं पोरही याचा अर्थ जाणतं. गाडी बंद पडली की मागेपुढे थोड्या थोड्या अंतरावर पाल्याच्या फांद्या टाकायच्या, म्हणजे येणारा सावध होतो. चढ असला तर चाकामागे दगड लावायचा. आणि निघताना सगळं उचलून कडेला टाकायचं. या शेवटच्या गोष्टीला कायदा नाही, दंड नाही, फक्त लाज आहे.

म्विलाने वेग कमी केला. दुसरी फांदी. तिसरी. मग वळण. वळणापलीकडे रस्ता रिकामा.

"उचलायला विसरले, गाढव कुठले," ती म्हणाली. आरशातून तिने मागच्या फांद्यांकडे पुन्हा पाहिलं.

दोन किलोमीटरांवर पुन्हा फांद्या. पुन्हा वेग कमी, पुन्हा रिकामा रस्ता. पुढे एका किलोमीटरवर परत. या वेळी फांदी अगदी चाकाखाली येणार म्हणून म्विलाने गाडी जवळजवळ थांबवली, आणि काबासोला ती नीट दिसली.

पाला गर्द हिरवा होता. भिजलेला. पानांच्या टोकांवरून थेंब गळत होते आणि तापलेल्या डांबरावर पडताच चर्रकन सुकत होते. सबंध रान लाल; अशी पानं जानेवारीत असतात, भर पावसात. सप्टेंबरात ती कुठून आणणार? काचेच्या फटीतून ओल्या मातीचा वास आत आला.

पण त्याची नजर खिळली ती दुसऱ्याच गोष्टीवर. फांदी बारकी होती, आणि मोडलेली नव्हती, पिळलेली होती. पीळ देऊन देऊन तोडलेली, शेवटाला सालीची लांब पट्टी लोंबणारी. ज्याच्या मनगटात जोर नाही, तोच अशी फांदी तोडतो…

आठ वर्षांची म्विला. पिवळा रेनकोट. अकरा वर्षांपूर्वी काबासोच्या आईच्या आजारपणामुळे दोघं जानेवारीत निघाली होती आणि याच पट्ट्यात, एका चढावर, मागचं चाक फुटलं होतं. त्याने चाकामागे मोठा दगड लावला. पोर फांद्या पिळत बसली. "एवढ्याशा? याने कोंबडी तरी थांबेल का?" असं तो हसून म्हणाला होता. चाक बदलेपर्यंत तो चिंब भिजला. म्विलाने फांद्या एकेक गोळा केल्या, कडेला ढीग केला, दारापाशी येऊन विचारलं, "ताता, दगड?"

त्याने गाडी सुरू केली होती. "दगड राहू दे. बस लवकर. उचलेल कुणीतरी."

संध्याकाळी जायरोस कुंदा नावाचा माणूस सायकलवर कोळशाची तीन पोती लादून त्या उतारावरून खाली आला. पाऊस होता, अंधारून आलं होतं. आठवड्याने त्याच्या मृत्यूची बातमी काबासोच्या टेबलावर आली. तो स्वतः तिथे गेला. जायरोसच्या बायकोच्या अंगणात बसला, तिच्या हातचं पाणी प्यायला, जागा पाहून आला. जागा तीच होती. दगड तोच होता. परतून त्याने लेख लिहिला, असा जळजळीत की ट्रकचालकांच्या संघटनेला माफी मागावी लागली. 'चाकामागे दगड ठेवून जाणारा खुनी आहे,' हे वाक्य त्याचं. त्या लेखाला बक्षीस मिळालं. पाटी अजून दिवाणखान्यात आहे. बायको दर शनिवारी पुसते.

"ताता," म्विला रस्त्यावरून नजर न हटवता म्हणाली, "हाच पट्टा ना तो?"

"कुठला?"

"उगाच काय. मला आठवतं." तिने ओठ चावला. "मला किती वर्षं बोलायचं होतं. सगळं उचलायचं काम माझं होतं त्या दिवशी. मी फांद्या उचलल्या आणि दगड विसरले."

काबासोने काचेची फट बंद केली.

"नववीत असताना बाईंनी तुमचा लेख वर्गात वाचला. मोठ्याने. तारीख, चढ, सगळं कळलं मला. मी बाहेर जाऊन ओकले." तिचा आवाज बारीक झाला. "तुम्ही ट्रकवाल्यांवर ढकललंत. माझ्यासाठी. तुम्ही, कुणाची भीड न ठेवणारे, माझ्यासाठी खोटं लिहिलंत… मी कधी म्हटलं नाही, पण…"



आणि काबासोला हायसं वाटलं.

ते त्याने नंतर कधीही स्वतःपासून लपवलं नाही. पोर रडकुंडीला आली होती, आणि त्याच्या छातीवरून अकरा वर्षांचं ओझं उतरल्यासारखं झालं होतं. उतरून तिच्या छातीवर गेलं होतं, नव्हे, आधीपासून तिथेच होतं, आणि त्याने फक्त ते तिथे राहू द्यायचं होतं. त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"लहान होतीस तू," तो मायेने म्हणाला.

समोर फांद्या सुरू झाल्या. आता दर दहा पावलांना एक.

"ताता, हे काय आहे…?"

"चालव."

चढ आला. फांद्या इतक्या दाट की चाकांखाली पाला चिरडल्याचा ओला आवाज होऊ लागला. मग म्विलाने ब्रेक दाबला. सडकेच्या मधोमध दगड होता. भिजलेला, एका अंगाला टायरची रबरी काळी खूण असलेला. इंजिन आचका देऊन बंद पडलं. शिवणयंत्राचं चाक मागे आपोआप अर्धा फेरा फिरून थांबलं.

म्विलाने दार उघडलं. "या वेळी मी उचलते."

"बस आत."

"नाही, ताता. या वेळी मी उचलते."

ती गेली. वाकली. दगडाला हात घालणार, तोच वरून, चढाच्या माथ्यावरून आवाज आला. सायकलच्या घंटीचा. कुणी वाजवत असल्यासारखा नाही. खडबडीत रस्त्यावर सैल घंटी आपोआप किणकिणते, तसा. माथ्यावर कुणी नव्हतं. उतारावर कुणी नव्हतं. पण किणकिण खाली येत होती, सायकलच्या वेगाने, पोती लादलेल्या, ब्रेक न लागणाऱ्या सायकलच्या वेगाने… आणि म्विला दगडावर वाकलेलीच होती. तिला ऐकूच येत नव्हतं.

"मायो!"

तिने मान वर केली नाही.

काबासो दार ढकलून धावला. "माझा दगड!" तो ओरडला. पोरीकडे नव्हे, रिकाम्या उताराकडे पाहून. "माझा आहे दगड! तिने विचारलं होतं मला! दारात उभं राहून विचारलं होतं, ताता, दगड? मीच म्हणालो, राहू दे! मीच…"

घंटी हातभर अंतरावर थांबली. ओल्या तागाच्या पोत्याचा आणि कोळशाचा वास त्याच्या तोंडावरून गेला. मग नुसतं ऊन.

त्याने दगड उचलला, छातीशी धरून कडेला नेला आणि गवतात टाकला. मागे वळला तेव्हा सडक कोरडी होती. एकही फांदी नव्हती.

म्विला त्याच्याकडे बघत होती.

"मी विचारलं होतं?"

"हो."

"मग मघाशी?" ती अगदी हळू म्हणाली. "पाच मिनिटांपूर्वी… लहान होतीस तू, म्हणालात. ते काय होतं?"

चौतीस वर्षांत काबासोने मंत्र्यांना घाम फोडणारे प्रश्न विचारले होते. असा एकही विचारला नव्हता.

"बसा," ती म्हणाली. गाडी पहिल्याच किल्लीला सुरू झाली. तिने ती उलट दिशेला वळवली. "त्यांचं घर कुठे आहे?"

"मायो, आज्जी वाट बघत…"

"घर कुठे आहे, ताता?"

घर मागे तीन किलोमीटरांवर होतं, सडकेपासून आत, दोन आंब्यांखाली. ते त्याला डोळे मिटून सापडलं असतं. जायरोसच्या बायकोला सगळे चोलाची आई, बाना चोला म्हणत. ती अंगणात भुईमूग सोलत होती. केस पिकले होते. तिने काबासोला ओळखलं. उठली, गुडघे किंचित वाकवून हलक्या टाळ्या वाजवत नमस्कार केला.

"लेखवाले! देवमाणूस. या, बसा."

"बाना चोला, बसायला नाही आलो. मी… तो दगड…"

"आधी पाणी. मग जेवण. मग बोलणं. शहरात रीत विसरलात काय?"

तिने घागरीतून तांब्या भरला, खाली पांढरं घमेलं ठेवलं आणि पाहुण्याच्या हातांवर धार धरली. काबासोने हात पुढे केले. थोड्याच वेळापूर्वी या हातांनी चिखलाचा, रबराने माखलेला दगड छातीशी धरला होता. पाणी बोटांवरून उतरलं आणि घमेल्यात पडलं. स्वच्छ. आरशासारखं स्वच्छ.

मग म्विलाने धारेखाली हात धरले.

पाणी हिरवं उतरलं. गर्द हिरवं, चिकट, चुरगाळलेल्या पाल्याच्या वासाचं. ती हात चोळत राहिली, बाना चोला धार धरत राहिली, आणि हिरवं थांबेना. तळव्यांवर सालीचे बारीक ओरखडे होते, ताजे.

"मी आज एकाही फांदीला हात लावलेला नाही," म्विला कुजबुजली. "ताता, तुम्ही पाहिलंत ना…?"

बाना चोलाने तांब्या खाली केला. तिने पोरीचं तोंड हनुवटीला धरून उजेडाकडे वळवलं, बराच वेळ न्याहाळलं.

"तूच ग ती," ती म्हणाली. "केवढी झालीस! दर पावसाळ्यात चढावर फांद्या पिळताना दिसतेस; ओरडून सांगते मी, पोरी, अंधार पडला, पुरे झाल्या फांद्या, घरी जा… तर तो पिवळा रेनकोट मान हलवून म्हणतो, तातांनी सांगितल्याशिवाय कशी जाऊ."