सहा बंद घरं

शहागंजातल्या चष्म्याच्या दुकानात प्रेमात पडायला कुणी जात नाही. तनुजाही गेली नव्हती. ती बाबांचा दुरुस्तीला टाकलेला चष्मा आणायला गेली होती आणि तिच्या आधीच काउंटरवर एक उंच, सावळा मुलगा दुकानदाराशी हुज्जत घालत उभा होता.

"चाचा, सगळ्यात जाड भिंगाचा द्या ना."

"कित्ता बी मोट्टा दिया तो फायदा नहीं बेटा. मोतीबिंदू पक गया. ऑपरेशन कराओ."

मुलगा हिरमुसून वळला आणि वळता वळता त्याच्या कोपरानं फ्रेमांचा स्टँड कलंडला. तनुजानं तो वरच्यावर धरला.

"सॉरी... लागलं का?"

"मला नाही. चष्म्यांना लागलं असतं."

तो हसला. त्याचे डोळे आधी हसतात आणि ओठ मागाहून, हे तिच्या लगेच लक्षात आलं. अशा गोष्टी बऱ्या लगेच लक्षात येतात! पाठीवरच्या बॅगेवरून तो तिच्याच कॉलेजचा निघाला. संघपाल, आर्ट्सच्या तिसऱ्या वर्षाला, राहायला हॉस्टेलवर. चष्मा आत्यासाठी हवा होता. आई गेल्यापासून त्याला आत्यानंच वाढवलं होतं.

"मग डोळ्यांच्या शिबिरात नाव द्या की!" तनुजा उत्साहानं म्हणाली. "आपल्या कॉलेजनंच घेतलंय. आम्हीच घरोघर फिरलो, देवगाव रंगारीला."

"मी देवगाव रंगारीचाच हाय," तो म्हणाला. "यादीत आमचं घरच नाय. कुणीतरी 'घर बंद' लिहून गेलंय. सहा वर्षं झाली, आत्या दाराबाहेर पडली नाय... आन् घर बंद!"

"कुठं... कुठं आहे तुमचं घर?"

"शेवटची गल्ली. विहाराच्या मागं."

दुकानदारानं काढून दिलेला बाबांचा चष्मा तनुजाच्या हातात उगाचच जड झाला. तिनं तो पर्समध्ये टाकला, मग बाहेर काढला, मग पुन्हा टाकला. कारण ते 'घर बंद' तिनंच लिहिलं होतं.

झालं होतं असं. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना समाजसेवेचे दोन क्रेडिट असतात. प्रत्येकाला पंचवीस घरं दिलेली. घरात कुणाला दिसत नाही का ते विचारायचं, फॉर्म भरायचा, सही-अंगठा घ्यायचा. त्यातून दवाखान्याची यादी होणार आणि यादीतल्या लोकांचं ऑपरेशन. सिनियर मुलांनी जाताना गुरुमंत्र दिला होता, "पाय दुखले की 'घर बंद' लिही. बंद घर कुणी तपासायला जात नाही." तनुजानं एकोणीस घरं अगदी मन लावून केली. विसाव्याच्या आधी ती गल्लीच्या तोंडावरून मागं फिरली आणि पारावर बसून सहा फॉर्मवर तेच दोन शब्द लिहिले. पोरींनी त्या दिवशी हुरडाही खाल्ला होता.

"शिबिराचे सर म्हणले," संघपाल सांगत होता, "ज्यानं फॉर्म भरला त्यानंच येऊन दुरुस्ती केली तर नाव घेता येतं. शुक्रवारी पाचपर्यंत. रविवारी दवाखान्याची गाडी निघणार. सर नाव सांगंनात. आता तो पोरगा कुठं शोधू मी?"

पोरगा! तनुजानं मान डोलावली आणि तिथून जवळजवळ पळ काढला. तो मंगळवार होता.

बुधवारी तो कॉलेजच्या टपरीवर भेटला. म्हणजे ती मुद्दाम तिथून गेली आणि तो मुद्दाम तिथं थांबला होता.

"तुमचं नाव विचारायचंच राहिलं काल."

"तनुजा. आणि अहो-जाहो नको, मी ज्युनियर आहे."

"बरं. मग तनुजा, चहा घेतीस, का स्टँड पाडायला आलीस?"

"पाडला कुणी होता?"

"धरला कुणी, ते ध्यानात हाय माझ्या."

तिला हसू आलं. एकीकडं वाटे, हा असाच बोलत राहावा. दुसरीकडं त्याच्या प्रत्येक वाक्याला तिला धडकी भरे, की आता हा विचारणार... आता विचारणार. तो आत्याच्या गोष्टी सांगत होता. कडूबाई तिचं नाव. शेतात राबून तिनं याला शिकवलं, आणि प्रौढ शिक्षणाच्या वर्गात जाऊन स्वतः सही करायला शिकली. "अंगठा लाव म्हणलं की चवताळती," तो म्हणाला. तनुजानं विषय बदलला. वैजापूरची शेती, सिडकोतलं घर, बाबांची नोकरी, सगळं ती भरभर सांगत सुटली, सांगायचं तेवढं सोडून.

त्या रात्री तिला झोप नाही. सांगितलं तर हा मुलगा गेला. नाही सांगितलं तर त्याच्या आत्याचे डोळे गेले. हिशेब इतका सरळ होता, तरी तिला तो सुटत नव्हता, कारण चोराच्या मनात चांदणं.

गुरुवारी दुपारी तिनं त्याला ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर गाठलं.

"आत्यांचं नाव मी लावून घेते यादीत. आज. सरांना सांगते."

"तू? ते फॉर्म भरणाऱ्यालाच..." तो बोलता बोलता थांबला. डोळ्यांतलं हसू आधी गेलं, ओठांवरचं मागाहून.

"मीच लिहिलं ते," तनुजा म्हणाली. "घर बंद... मीच."

मग अगदी हळू आवाजात त्यानं विचारलं, "थकली व्हतीस? का आमची गल्ली म्हणून?"

खोटं बोलायला सगळी सोय होती. ऊन होतं, नवी चप्पल चावत होती. तिनं तेही सांगितलं आणि मग पुढचंही सांगितलं. "कोपऱ्यावरच्या घरातली बाई म्हणाली, तिकडं कशाला जातीस, तिकडं त्यांचीच घरं हायेत. आणि मला... बरं वाटलं, संघपाल. सुटले म्हणून बरं वाटलं. का वाटलं, हे मी तेव्हा स्वतःला विचारलंसुद्धा नाही."

तो उठला. बॅग खांद्याला लावली.

"आन् बाकीची पाच?"

"काय?"

"सहा घरं हायेत आमच्या गल्लीत. आत्याचं एक झालं. बाकीच्या पाचात बी माणसंच राहत्यात."

तो निघून गेला. तनुजाला पायऱ्यांवरून उठवेना. पाच घरांचा विचार तिच्या मनाला शिवलाही नव्हता. त्याची आत्या म्हणून तिला आत्या आठवली होती, एवढंच. याची लाज तिला त्या 'घर बंद'पेक्षा जास्त वाटली.

शिबिराचं काम बघणाऱ्या सुदर्शन सरांना तिनं सगळं खरं सांगितलं. सर तापट. "दोन्ही क्रेडिट गेले समज. पुढच्या वर्षी पुन्हा पंचवीस घरं."

"गेले तर गेले, सर. मला सहा कोरे फॉर्म द्या."

शुक्रवारी सकाळी ती एसटीनं देवगाव रंगारीला उतरली. गल्लीच्या तोंडावर पाय पुन्हा अडखळले, पण आज मागं फिरायची सोय नव्हती. पहिल्याच दारात फकिराबाबा बाजेवर बसले होते.

"बाबा, मी त्या दिवशी चुकले..."

"चुकली नाय. तू आलीच नव्हतीस," म्हातारा म्हणाला. "चुकणारा निदान येतो तरी."

तिनं मान खाली घालून फॉर्म भरला. बाबांना एका डोळ्यानं दिसत नव्हतं. पुढच्या घरात कुणी कामाला गेलेलं, त्यांची वाट बघितली. एका घरात दार लोटून घेतलं गेलं, तिथं ती उंबऱ्याबाहेर अर्धा तास बसून राहिली, तेव्हा कुठं आतून सुनेनं सासूला बाहेर आणलं. पाच घरांत तीन माणसं निघाली ज्यांना नीट दिसत नव्हतं. म्हणजे तिच्या दोन शब्दांनी तीन माणसं खोडली होती. आणि चौथी शेवटच्या घरात.

त्या घराच्या ओट्यावर संघपाल बसला होता. पहाटेच आला असणार, कुणाची तरी मोटारसायकल दाराशी उभी होती. त्यानं तिच्याकडं बघितलं नाही.

"कोन गं?" आतून आवाज आला.

"मी तनुजा, आत्या. घर बंद लिहून गेलेली."

कडूबाई बाहेर आली, भिंत चाचपत. "बंद व्हय? म्या तर हितंच व्हते. दार बी सताड उघडं." आणि खुदकन हसली. "बस. संघा, पोरगी उन्हाची आलीय, पानी दे तिला."

त्यानं पाणी दिलं. तिनं तांब्या रिकामा केला. मग फॉर्म भरून शाईचं पॅड पुढं केलं, तशी म्हातारी चवताळली. "अंगठा नगं! सही करते म्या. कुठं करायची तिथं तुझं बोट ठिव."

तनुजानं रेघेवर बोट ठेवलं. कडूबाईनं ते चाचपलं आणि त्याच्या कडेनं एकेक अक्षर काढलं. रेघ सोडून अक्षरं वर चढली, थोडी तनुजाच्या नखावरही आली. तनुजाच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तिनं ते पुसलं नाही.

साडेतीन वाजून गेले तरी परतीची एसटी आली नाही. साडेपाचला येते म्हणाले. म्हणजे सगळंच पाण्यात! ती फाट्यावर फॉर्म छातीशी धरून येरझाऱ्या घालत होती, तेवढ्यात समोर मोटारसायकल थांबली.

"बस," संघपाल म्हणाला. एवढाच शब्द. मग शहर येईपर्यंत दुसरा नाही.

पाचला सात मिनिटं कमी असताना तिनं सरांच्या टेबलावर सहा फॉर्म ठेवले. सरांनी चष्म्यावरून बघितलं, यादीत चार नावं वाढवली आणि क्रेडिटबद्दल काही बोलले नाहीत. क्रेडिट तर गेलेच होते.

रविवारी तनुजा दवाखान्यात आली, तेव्हा कडूबाईला नुकतंच आत नेलं होतं. बाकड्यावर संघपाल हाताची बोटं मोडत बसला होता. बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला ती बसली. आत काय चाललं असेल... आणि हा उठून गेला तर?

"राग गेला का रे?" तिनं शेवटी विचारलं.

"नाय."

"कधी जाईल?"

"सांगता येत नाय." तो समोरच्या दाराकडंच बघत होता. "वर्ष लागंल... दोन बी लागतील."

"आणि तोवर?"

"तोवर रोज भेटावं लागंल. राग काय फोनवर निघत नसतो."

तिनं चमकून बघितलं. त्याचे डोळे हसत होते, ओठ अजून तयार नव्हते. तिनं बाकड्यावरचा आपला हात थोडा सरकवला... त्यानंही सरकवला. मध्ये वीतभर जागा उरली असेल, तेवढ्यात दार उघडून नर्सनं हाक मारली, "कडूबाईबरोबर कोण आहे?"

दोघंही एकदमच उठले.