दहा टाक्यांनंतरची नजर

सकाळपासून कंटाळवाणी भुरभुर चालू होती. अशा दिवशी रफूच्या दुकानात चिटपाखरूही फिरकत नाही. आत्या काउंटरवर पेंगत होती आणि तिची भाची मागच्या खिडकीशी एका शालीचं भोक बुजवत बसली होती. तेवढ्यात एकजण कोटाची फाटकी बाही घेऊन आत आला.

"खिळ्याला अडकली. होईल ना नीट?"

तिनं मान वर केली. आणि तो... तो कोट विसरलाच. एकदा तिच्याकडे, एकदा तिच्यामागच्या खिडकीकडे बघत राहिला.

"ही खिडकी मागच्या गल्लीत उघडते का हो?"

"खिडकीला रफू करायचं नसेल तर कोट द्या," ती म्हणाली.

तो गेल्यावर आत्यानं त्याला बरोबर ओळखलं. खिडकीत बसून मधूनच नजर उचलणाऱ्या मुलीचं ते गाणं यानंच लिहिलेलं. वर्षभर त्या गाण्यानं लोकांना नुसतं वेड लावलं होतं. पेपरात त्याचा फोटोही येऊन गेला होता.

मग त्याचे कपडे फाटायचा सपाटाच लागला. मफलर झाला, स्वेटर झाला. चौथ्या वेळी पँट आली, तेव्हा तिनं फाटलेली कड बोटावर धरून पाहिली.

"हा खिळा नाही. कात्री आहे."

"...कशावरून?"

"खिळा धागे ओढतो. हे सरळ कापलंय. तेही बोथट कात्रीनं."

"नवी घेतो," तो निमूटपणे म्हणाला.

ती हसली, आणि हसताना आपलं काही खरं नाही हे तिला कळून चुकलं. त्या दिवसापासून दार वाजलं की तिची सुई थबकायची. तो स्टुलावर बसून तासन्‌तास तिचं काम बघायचा. कपड्याच्या आतल्या दुमडीतून ती धागा काढायची, त्यानंच भोक भरायची. बाहेरचा धागा कितीही जुळवला तरी उन्हात उघडा पडतो, असं तिनंच त्याला सांगितलं होतं.

एका संध्याकाळी आत्या आत गेलेली बघून तो बोलला.

"दोन वर्षांपूर्वी मी मागच्या गल्लीत, या खिडकीसमोरच्या इमारतीत राहायचो. तिसऱ्या मजल्यावर... फार वाईट दिवस होते. उठावंसंही वाटायचं नाही. पण तुम्ही या खिडकीत बसून थोड्या थोड्या वेळानं माझ्याकडे बघायचात. कोणीतरी आपल्याकडे बघतंय, एवढ्यावर मी दिवस काढले." त्यानं स्टूल जवळ ओढलं. "ते गाणं तुमचं आहे. माझ्याशी लग्न कराल? घाई नाही, शनिवारी सांगा."

तिनं सुई खाली ठेवली. वडिलांनी शिकवलं होतं, दहा टाके झाले की लांब बघायचं, नाहीतर डोळे जातात. ती लांब बघायची. समोर माणूस राहतो, हे तिला ठाऊकही नव्हतं.

"झाकली मूठ सव्वा लाखाची," तिचं सगळं ऐकून आत्या म्हणाली. "असा माणूस परत दारात येणार नाही. गप्प राहा, पोरी."

चार दिवस तिनं गप्प राहून पाहिलं. तिला तो हवा होता, अगदी मनापासून हवा होता. पण जन्मभर तो ज्या नजरेचे आभार मानणार, ती तिनं त्याला दिलीच नव्हती. शनिवारी तिनं सगळं सांगून टाकलं.

"एकदाही नाही?" त्यानं विचारलं.

"एकदाही नाही. तुमच्या त्या इमारतीच्या गच्चीवर पाण्याची टाकी आहे. लांबचं असं तेवढंच दिसतं इथून."

तो हसायला गेला, पण त्याला जमलं नाही.

"पण आता बघते ना," ती म्हणाली. "तुमच्याकडेच बघते. तुमची वाट बघते. हे खोटं नाही."

"माहीत आहे मला." तो स्टुलावरून उठला. "तुमची काही चूक नाही. पण मी त्या दिवसांत एकटाच होतो, हे मला आज कळलं... ते आधी पचवू द्या."

तिनं मुद्दाम रेंगाळत ठेवलेली पँट न घेताच तो गेला. तिनं ती त्याच दिवशी पूर्ण केली, इस्त्री करून फळीवर ठेवली. तो महिना गेला, पुढचाही गेला. शेवटी त्याच्याकडून एक माणूस येऊन पँट घेऊन गेला. निरोप काही नव्हता.

थंडी संपताना एक नवी नवरी शेला घेऊन आली. शेजारच्या दुकानातल्या रेडिओवर ते गाणं लागलं होतं. आत्या खिडकी लावायला उठली, पण भाचीनं हातानंच नको म्हटलं.

"कोणावर लिहिलं असेल हो हे?" नवरीनं विचारलं. "केवढी नशीबवान असेल ती."

"असेल," ती म्हणाली, आणि शेला कधी हवाय ते विचारलं.