खरं चाक

सांगलीच्या चौकांत आता सिग्नल उरले नव्हते, आणि लेक स्वरूपा गाडीवरून निघाली की कुमुदताईंचा जीव थाऱ्यावर राहत नसे.

प्रत्येक चौकाची आता 'गुंफण' झाली होती. गाडी दुरूनच आपला वेग चौकाला कळवायची, आणि चौकातलं यंत्र तिला इतरांमधली एक फट नेमून द्यायचं. वेणीचे पेड घालावेत तशा चारी बाजूंच्या गाड्या न थांबता एकमेकींतून निघून जायच्या. यंत्राला डोळे नव्हते. ते गाडीच्या शब्दावर विसंबून होतं.

आणि गाडीला तरी काय ठाऊक? विजेच्या बाइकची मोटर चाकाचे फेरेच तेवढे मोजते. पंचेचाळीसच्या वेगाला मिनिटाला लागतात तेवढे फेरे झाले, की ती वेग आणखी वाढू देत नाही. पण एका फेऱ्यात चाक आपल्या परिघाएवढं अंतर कापतं. वीस इंची काढून चोवीस इंची बसवलं, की फेरे तेवढेच आणि गाडी चोपन्ननं सुसाट! चढावर धापा टाकते खरी, पण चौकाला आपली पंचेचाळीसच सांगते. जवळजवळ अख्ख्या गावानं मोठी चाकं बसवली होती. स्वरूपानंही.

खंडेनवमीला कुमुदताई पूजेचं ताट घेऊन गाडीसमोर अडून बसल्या. "खोटं बोलणाऱ्या चाकाला मी झेंडू वाहायची नाही!"

"अगं आई, सगळेच लावतात."

"सगळे शेण खातात म्हणून आपणही खायचं?"

स्वरूपानं कपाळावर हात मारला, पण जुनं चाक चढवून आणलं. पूजा झाली, नारळ फुटला, ती कामावर निघाली. कुमुदताई प्रसाद घेऊन वरच्या मजल्यावर डॉ. नीलिमा गोगट्यांकडे गेल्या. गुंफणीचं गणित याच बाईंनी मांडलं होतं.

"आज निर्धास्त झाले बघा. लेकीनं खरं चाक लावलं."

खोबऱ्याचा तुकडा नीलिमाताईंच्या हातातच राहिला. "कधी?"

"आत्ताच. का हो?"

"मोठ्या चाकांमुळे मध्यंतरी किती धडका झाल्या, आठवतं ना? त्यांवरून यंत्र आपणहून शिकलं. गाडी पंचेचाळीस म्हणाली, की ते चोपन्न धरतं. म्हणून तर अपघात थांबले."

"बरं झालं की!"

"ताई, खऱ्या चाकाची गाडी त्या फटीतून वेळेत बाहेरच पडत नाही. ती गेली असं समजून यंत्र आडव्या बाजूची गाडी सोडतं."

"अगं बाई! मग सांगा ना त्याला, ही एकच गाडी खरं बोलतेय म्हणावं!"

"कसं पटणार त्याला? प्रत्येक गाडी तेच सांगते."

कुमुदताईंची पाचावर धारण बसली. ताट तिथंच टाकून त्या गॅलरीत धावल्या. स्वरूपा कधीच कोपऱ्यावरून वळली होती, आणि पुढे पहिलीच गुंफण होती. त्यांनी फोन लावला. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला.

"उचल गं बाई, उचल!"

गाडीवर असताना फोन घ्यायचा नाही, हे वळण त्यांनीच लावलं होतं. आणि स्वरूपा आईचं ऐकणारी पोर होती.