तांबुळवाडीचा पट

तांबुळवाडीच्या शाळेच्या भाडेकरारावर सही करायची, किल्ल्या कंपनीच्या माणसाला द्यायच्या आणि परत फिरायचं, एवढंच जिल्हा शिक्षण मंडळाच्या मालमत्ता अधिकारी हेमलता वाघचौरे यांचं त्या दिवशीचं काम होतं. पाचही वर्गखोल्यांत आता त्या कंपनीच्या औषधी शेवाळाच्या टाक्या बसणार होत्या.

पंधरा वर्षं गरज लागणार नाही अशी इमारत मंडळ भाडेपट्ट्यानं देऊ शकेल, असा कायदा होता. गरज ठरवायचा तो ‘पटवेध’. जन्मनोंदी, स्थलांतर, विजेची बिलं यांवरून पुढच्या पंधरा वर्षांतली मुलं मोजणारी ही संगणक प्रणाली. तांबुळवाडीपुढे तिनं शून्य लिहिलं होतं.

फाटकाशी गावातली मेहरुन्निसा मुजावर उभी होती. सोबत तिची पाच वर्षांची मुलगी.

“बाई, हिचं नाव घालायचंय.”

“शाळा बंद झालीय. पट शून्य आहे.”

“मग ही कोण?”

हेमलतांनी मुलीकडे पाहिलं. मग त्यांनी विचारलं, “बाकीची मुलं कुठायत?”

“गेली की. शाळा बंद होणार असं गेल्या साली तुमच्याच कागदात आलं. तेव्हापासून अकरा घरं उठली. आम्हीच राहिलो.”

हेमलतांनी ओट्यावर बसून टॅबलेट उघडला. अंदाज जाहीर झाला त्या दिवशी गावात चौदा मुलं होती. प्रत्यक्षातला पट शून्य झाला तो त्यानंतर.

“मॅडम, सही?” कंपनीचा माणूस म्हणाला. “कायद्यात बसतंय सगळं.”

“बसतंय. पण कायद्यात ‘देऊ शकेल’ असं लिहिलंय, ‘द्यावी’ असं नाही.”

त्यांनी चार खोल्यांचा करार ठेवला आणि रस्त्याकडची पाचवी वगळली. कारणाच्या रकान्यात लिहिलं: वापरात, विद्यार्थी एक. मग हा बदल पटवेधला कळवून नवा अंदाज मागवला. उत्तर मिनिटभरात आलं: दहाव्या वर्षी पट तेवीस.

गाव तेच, माणसं तीच. फक्त एक दार उघडं राहिलं होतं.

मेहरुन्निसा मुलीचं नाव सांगत होती. हेमलतांनी ते लिहून घेतलं, पण त्यांचं लक्ष पडद्यावरच्या दुसऱ्या यादीकडे गेलं. गेल्या दोन वर्षांत त्यांच्याच सहीनं भाड्यानं गेलेल्या एकशे बारा शाळा. प्रत्येकीपुढे शून्य.

त्यातली किती शून्यं आधीपासून होती, आणि किती त्यांनी स्वतः घडवली होती?